जांभळ्या कड्याची पुंगळी

लिबी हावलिकच्या गॅरेजात तीन वजनकाटे आहेत आणि तिचा एकावरही विश्वास नाही. दोन काटे जुळले तर ती तिसरा काढते. तिन्ही जुळले तर तिला वाटतं, तिन्ही एकाच बाजूला चुकताहेत.

शेताला पाणी देणारी यंत्रं बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. माझ्या पहिल्याच आठवड्यात माझ्या ड्रॉइंगवरचा एक आकडा तिने लाल पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "हा तू मोजलास, की कुणी सांगितला?"

"पुरवठादाराच्या कागदावर होता."

"म्हणजे कुणी सांगितला," ती म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. आकडा चुकीचा निघाला. त्याला आता नऊ वर्षं झाली. लिबी निवृत्त झाली, मी अजून तिथेच आहे, आणि मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघं शेजारी उभे राहून नेम धरतो.

होराक गावात लॉज नावाच्या जुन्या मंडळाचा हॉल आहे. वरच्या मजल्यावर म्हातारे पत्ते खेळतात, खाली तळघरात आमची नेमबाजीची रेंज. प्रत्येकी तीस गोळ्या, पाच-पाचच्या फेऱ्यांनी. दुकानातली काडतुसं वापरून दर आठवड्याला हा छंद परवडणारी माणसं गावात फार तर चार. बाकीचे आम्ही सगळे उडवलेल्या पुंगळ्या गोळा करतो आणि घरी पुन्हा भरतो. पितळेची पुंगळी नीट सांभाळली तर दहा-बारा वेळा चालते. बुडातली ठिणगीची जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, चिमूटभर बंदुकीची दारू टाकायची, तोंडाशी शिशाची गोळी दाबायची. विकतच्या एका डबीच्या पैशांत घरच्या चार डब्या होतात.

पितळ कुणाचं यावर भांडणं नकोत म्हणून प्रत्येकाचा रंग ठरलेला आहे. पुंगळीच्या बुडावर मार्करने रंगीत कडं काढायचं. भिंतीवर कॉफीचे रिकामे डबे ठोकले आहेत, प्रत्येकावर एकेक रंग. शेवटी जमीन झाडायची आणि ज्याचं पितळ त्याच्या डब्यात टाकायचं. लिबीचा रंग जांभळा. आणि डब्यांच्या वर फळीवर एकच नियम लिहिलाय: स्वतः भरलेलं किंवा दुकानातलं, तिसरं काही नाही. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. फुटलं तर कुणाला विचारणार?

लिबी हा नियम फळी लावायच्या आधीपासून पाळत होती. नवरा एडविन हयात असताना दोघंही एकाच टेबलावर, गोळी दाबून बसवायच्या एकाच प्रेसवर काडतुसं भरायची, पण एडविनने भरलेलं तिने कधी वापरलं नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि काडतुसांचे डबे वेगळे. एडविन हसून सांगायचा, "माझ्या हातची कॉफी पिते, हेच नशीब."

तिची पद्धत मला पाठ आहे, कारण माझ्यासकट निम्म्या क्लबाला तिनेच शिकवलं. शनिवारी सकाळी तिच्या गॅरेजात शिकवणी असते. पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भुशात घालून यंत्रात फिरवायच्या, चकचकीत झाल्या की एकेक हातात घेऊन चीर पाहायची. मग लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या, दहाच्या पाच ओळी. मग दारू मोजून सोडणाऱ्या मापाची मूठ. मूठ एकदा वर-खाली केली की ठरलेली दारू पुंगळीत पडते. आमच्या नेमाच्या काडतुसाला ती इतकी थोडी लागते की तळाशी कशीबशी दिसते, आणि खरी भीती तिथेच आहे. दुप्पट पडली तरी पुंगळी भरून सांडत नाही, वरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून पन्नासही झाल्या की टॉर्च घेऊन प्रत्येकीत वाकून बघायचं, आणि वहीत टॉर्चच्या रकान्यात बरोबरची खूण करायची. त्यानंतरच गोळी दाबायची.

हे सगळं ती आम्हाला दाखवायची, पण स्वतःचा ठोकळा भरताना गॅरेजात कुणी चालत नाही. रेडिओ बंद, फोन स्वयंपाकघरात, दाराला आतून कडी.

आता डेल प्रोहास्का. डेल धान्याचा ट्रक चालवतो. त्याच्या घराची मागची बाजू आणि लिबीचं गॅरेज यांच्यामध्ये एक खडीची गल्ली आहे. डेल मागत नाही, घेतो. पेन घेतो, च्युइंगम घेतो, दुसऱ्याच्या कानाचे मफ घेतो. बहुतेक वेळा परतही आणतो, पण कधी आणेल ते त्याच्या मर्जीवर. फेब्रुवारीत तो लिबीची शिडी घेऊन गेला आणि एप्रिल उजाडला तरी शिडीचा पत्ता नव्हता. शिवाय लिबीच्या हिशेबाने तिच्या डब्यातून दर महिन्याला आठ-दहा जांभळ्या पुंगळ्या कमी होत होत्या. त्या डेलकडेच जातात असं तिचं ठाम मत होतं.

"पाहिलंस का त्याला उचलताना?" मी एकदा विचारलं.

"पाहिलं असतं तर तो आत्ता इथे उभा असता का?"

"मग कशावरून?"

"त्याच्या बुटांवरून. दुसऱ्याच्या डब्यापाशी गेला की त्याचे बूट वाजत नाहीत."

एप्रिलच्या त्या मंगळवारी आम्ही नऊ जण होतो. शेवटची फेरी घाईची, दहा सेकंदांत पाच. लिबीची तीस उडवून झाली होती आणि ती आपला कागद घेऊन माझ्याकडे गुण लिहायला आली होती, कारण सेक्रेटरी मी. डेल नेम धरायच्या तिच्या शेजारच्या खणात होता. पहिले दोन आवाज नेहमीचे आले. तिसरा आवाज निराळा होता, रिकाम्या खोलीत दार आपटावं तसा. मग काहीतरी धातूचं छताला लागून खाली पडलं.

डेल हाताकडे बघत उभा होता. रिव्हॉल्व्हरच्या चकरीचा एक तुकडा उडाला होता आणि वरची पट्टी कमानीसारखी वाकली होती. अंगठा फाटला होता, गालावर लाल रेघ. आमचा अध्यक्ष गेलन टिट्झ हा गुरांचा निवृत्त डॉक्टर. त्याने डेलला बाकावर बसवलं, हात वर धरायला लावला आणि पट्टी गुंडाळली.

"टाके घालावे लागतील," गेलन म्हणाला.

"तू घालू नको. तू कानाला बिल्ला ठोकशील."

सगळे हसले, कारण त्याची बोटं हलत होती आणि डोळे शाबूत होते. मग गेलनने मोडक्या चकरीतून उरलेली दोन काडतुसं काढली. बुडावर जांभळं कडं. फुटलेल्या पुंगळीचं नुसतं बूड राहिलं होतं, त्यावरही जांभळं कडं. गेलनने ते तळहातावर धरलं आणि आम्ही सगळे लिबीकडे पाहायला लागलो.

"पुंगळी माझी आहे," लिबी म्हणाली. "भरलेलं माझं नाही. मी कुणाला काडतूस देत नाही, आणि माझं फुटत नाही."

"तिचं नाही," डेल म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "जमिनीवरचं पितळ उचललं, घरी मीच भरलं."

"ऐकलंत?" लिबी आमच्याकडे वळली. "वर्षभर मी काय सांगत होते?"

गेलनने ती दोन काडतुसं आणि बूड पाकिटात घालून बंद केलं, वर तारीख घातली. दुसऱ्याचं पितळ चोरायचं, ते निष्काळजीपणे भरायचं आणि आठ माणसांत उभं राहून फोडायचं, याला आमच्याकडे एकच शिक्षा आहे. कायमचं बाहेर. डेल बावीस वर्षं क्लबात होता. समितीत आम्ही तिघं, गेलन, लिबी आणि मी. गुरुवारी बैठक ठरली.

बुधवारी दुपारी लिबीचा कारखान्यात फोन आला. "सुटल्यावर ये. व्हर्निअर आण."

"तुझ्याकडे आहे ना?"

"आहे. तुझाही आण."

मी गेलो तेव्हा गॅरेजच्या टेबलावर तिची काडतुसांची डबी उघडी होती. तिने मला बसायलाही सांगितलं नाही.

"रविवारी पन्नास भरली. काल तीस उडवली. किती हवीत?"

"वीस."

"मोज."

पंधरा होती.

"म्हणजे त्याने भरलेली पाच घेतली," मी म्हणालो. "तू माझ्याकडे गुण लिहायला आलीस तेव्हा. शेवटच्या फेरीला त्याची संपली असतील."

"म्हणजे तो खोटं बोलतोय. घरी भरलं म्हणतो. का खोटं बोलतोय ते मला कळत नाही, आणि कळत नाही ते मला आवडत नाही."

"पण लिबी, ती पाच तुझी असतील तर फुटलेलंसुद्धा…"

"माझं फुटत नाही." तिने डबी माझ्याकडे सरकवली. "म्हणून तुला बोलावलं. ही पंधरा त्याच ठोकळ्यातली. सगळी तुझ्यासमोर उघडते. पंधराच्या पंधरा नीट निघाली की तसं लिहून घे. उद्या सांगते की त्याने माझी पाच चोरली आणि त्यात स्वतःचं काहीतरी मिसळलं. एकाच वेळी दोन चोऱ्या."

"नुसती वजनं केली तर?"

"पुंगळ्यांच्या वजनातच चिमटीभर दारूहून जास्त फरक असतो. नऊ वर्षं काय शिकलास तू?"

काडतूस उघडायला तिच्याकडे पोकळ डोक्याची प्लास्टिकची हातोडी आहे. काडतूस तिच्यात अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं. दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटते आणि दारूसकट हातोडीच्या पोकळीत पडते. लिबीने पहिलं उघडलं, दारू काट्याच्या ताटलीत ओतली, आकडा वाचला, मग दुसऱ्या काट्यावर. बरोबर. दुसरं बरोबर. मी लिहीत गेलो. दहापर्यंत फरक असा नव्हताच, आणि प्रत्येक आकड्यानंतर ती माझ्याकडे अशी पाहायची की जणू मीच तिच्यावर आरोप ठेवलाय.

अकरावं आपटलं. गोळी पडल्याचा आवाज आला. तिने हातोडी ताटलीवर उपडी केली. शिशाची गोळी घरंगळली. दुसरं काही नाही.

तिने हातोडी हलवली, आत टॉर्च मारली.

"तू सांडलंस?"

"मी हात कुठे लावला?"

"खुर्ची हलवलीस."

"खुर्ची हलवून हातोडीतली दारू कशी सांडेल?"

ती गुडघ्यांवर बसली आणि टॉर्च घेऊन सगळी जमीन पाहिली. मग गोळीचं बूड नाकाशी नेलं. मग हातोडीला तडा गेलाय का ते पाहिलं.  यातून काय निघणार ते मला कळलं होतं, आणि तिला माझ्याही आधी कळलं असणार.

"त्याने हे ठेवलं असेल," ती म्हणाली. "माझी काढून एक रिकामं घातलं."

"पाच काढून एक घातलं असतं तर सोळा झाली असती."

"सहा काढली असतील."

"त्याच्या चकरीत पाचच होती, लिबी. तीन उडाली, दोन पाकिटात आहेत."

तिने पुंगळी भिंगाखाली धरली. गोळी दाबताना पुंगळीच्या तोंडाला जी किंचित घडी बसते, ती प्रत्येकाच्या प्रेसमधल्या साच्याची, म्हणजे डायची, निराळी असते. तिने आपल्या व्हर्निअरने मोजली, मग माझ्या. घडी तिच्याच डायची होती. दोन्ही व्हर्निअर बाजूला ठेवले. उरलेली चार उघडली. चारही बरोबर.

मग तिने वही काढली.

तिच्या वहीत दर ठोकळ्याला एक ओळ असते. तारीख, दारूचा डबा, पहिल्या आणि शेवटच्या मापाचं वजन, टॉर्च. वर्षानुवर्षांच्या ओळी, आणि टॉर्चच्या रकान्यात खालपर्यंत बरोबरच्या खुणा, एकसारख्या, शिवणयंत्रावर घातल्यासारख्या. रविवारच्या ओळीत खूण नव्हती. त्या रकान्यात लिहिलं होतं: डेल. गल्ली. ३:४०.

आम्ही दोघंही ते वाचत राहिलो.

"खडी वाजली," लिबी म्हणाली. "ओळीच्या मध्ये होते मी. उठले, पडदा सरकवला. हा गल्लीत माझ्या भिंतीपाशी वाकला होता. मला पाठ दिसत होती. जाईपर्यंत उभी राहिले. मग येऊन वेळ लिहून ठेवली, म्हटलं पुढेमागे लागेल."

"आणि टॉर्च?"

तिने रिकामा ठोकळा पुढे ओढला आणि एका भोकावर बोट ठेवलं. "मी भोकं मोजत नाही. मुठीचे झटके मोजते. ओळीला दहा. सहा झाले होते. उठले. परत आले." तिचं बोट सहाव्या भोकावरच होतं. "सातवा झटका इथेच पडला. मग आठवा सातव्यात, नववा आठव्यात, दहावा नवव्यात. दहा झाले. ओळ झाली."

दहाव्या भोकावर तिने बोट टेकवलं आणि काढलं.

सहाव्या भोकात दुप्पट, दहाव्यात काहीच नाही. भरल्यावर ती काडतुसं पुसायला एका वाडग्यात टाकते, त्यामुळे क्रम मोडतो. रिकामं तिच्या डबीत राहिलं होतं. दुप्पट डेलने उचललं.

"तो गल्लीत काय करत होता?" मी विचारलं.

लिबीने बाजूचं दार उघडलं. भिंतीला शिडी टेकवलेली होती.

"सोमवारी दिसली," ती म्हणाली. "वाटलं, एखादी पायरी मोडून आणली असेल. सगळ्या पायऱ्या तपासल्या."

"मोडली होती?"

"नाही."

ती आत आली, टेबलावरची दारू कागदावर घेऊन पाण्याच्या बादलीत टाकली, हात पुसले. माझ्या कागदाकडे पाहिलं. दहा आकडे, अकराव्या जागी काही नाही, मग चार आकडे.

"अकरावं लिहिलंस?"

"नाही अजून."

"मग नको लिहू. उद्या भेटू."

मी बाहेर पडलो तेव्हा ती अकरावी पुंगळी टेबलाच्या कोपऱ्यावर होती. लिबीबद्दल मला पहिल्यांदाच शंका आली, ती गाडीत बसताना. ती पुंगळी फेकून दिली की सगळं संपत होतं. डेलने तर स्वतःच कबूल केलं होतं. पंधरातली चौदा बरोबर होती. अकराव्याचा साक्षीदार मी एकटा, आणि मला लिहू नको म्हणून सांगितलेलं. एकतीस वर्षं कारखान्यात, वीस वर्षं रेंजवर, गावात तिचं नाव काय होतं तर लिबीच्या हातून निघालेलं परत मोजावं लागत नाही. गुरुवारी सकाळी कामावर जाताना तिच्या घरावरून गेलो. कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवलेला दिसला. गुरुवार कचऱ्याचाच दिवस असतो. तरीही मी गाडी हळू केली.

बैठक हॉलच्या वरच्या स्वयंपाकघरात होती. कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचे कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, उरले होते, ते गेलनने मध्ये ठेवले. डेल टेबलाच्या टोकाला बसला होता, अंगठा पांढऱ्या गाठोड्यासारखा. लिबी शेवटी आली, कोट घालूनच बसली, पर्स मांडीवर. गेलनने पाकीट फोडून बूड आणि दोन काडतुसं मांडली, मंगळवारचा वृत्तांत वाचला आणि म्हणाला, "डेल, आणखी काही सांगायचंय?"

"नाही. झालं ते माझ्यामुळे."

"मग मत घेऊ. लिबी?"

"आधी विचारायचंय." ती डेलकडे वळली. "कुठली दारू वापरतोस?"

"ती… लाल झाकणाची."

"किती?"

डेलने कोलाचा उचलला, डाव्या हाताने. "सगळे घालतात तेवढी."

"प्रेस कुठला?"

"जुना आहे एक. तळघरात."

"चल, बघू दे."

"आत्ता?"

"गल्ली ओलांडायचीय. मी येते, गेलन येईल."

डेलने कोलाचा खाली ठेवला. "लिबी, मत दे ना आणि घरी जा. कशाला वाढवतेस?"

"तुझ्याकडे प्रेस नाही," लिबी म्हणाली.

तिने पर्स उघडली. मला तिचा हातच दिसत होता. आधी चष्म्याचं घर आलं, मग रुमाल, मग एक छोटी पारदर्शक पिशवी. पिशवीत पुंगळी, गोळी आणि वहीचं फाडलेलं पान. लिबीने वहीचं पान फाडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तिने रविवारचं सगळं सांगितलं. झटके, भोकं, सहावं, दहावं. आवाज तपासणीचा अहवाल वाचावा तसा होता. फक्त "मी पडद्यापाशी उभी होते" म्हणताना ती थांबली आणि कोटाचं बटण उगाच काढून परत लावलं. शेवटी म्हणाली, "मंगळवारी मी म्हणाले, माझं फुटत नाही. ते मी मोजलेलं नव्हतं."

गेलनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे हा चोर, आणि तू…"

"हो."

"डेल, तुला माहीत होतं?"

"तिच्या डबीतून घेतली तर मला माहीत असणारच की."

"मग मीच भरलं असं का म्हणालास?" हे लिबीने विचारलं. आणि खरंच विचारलं, कारण तिच्या चेहऱ्यावर तोच जुना भाव होता, पुरवठादाराच्या कागदाकडे बघतानाचा.

डेलने अंगठ्याच्या पट्टीचं टोक आत खोचलं. "मी कसाही गेलोच असतो. ती तू भरलेली म्हटलं असतं तर तूही गेली असतीस. माझी सून शनिवारी तुझ्याकडे शिकायला येते. तिला दुसरीकडे कुठे पाठवू? माझ्यासारख्याकडे?"

"मागितली असतीस तर?"

"दिली असतीस?"

"नाही."

"माहीत होतं. म्हणून मागितली नाहीत."

"आणि दर महिन्याला आठ-दहा पुंगळ्या?"

"त्या मी नेत नाही. मी विकतची आणतो, प्रेसच नाही तर काय करू त्यांचं?" तो म्हणाला. "त्या खणांमागच्या, जमिनीतल्या जाळीखाली घरंगळतात. सगळ्यांच्याच जातात. मोजतेस फक्त तू."

गेलनने विचार करायला अर्धा कोलाचा घेतला. मग निकाल सांगितला आणि मी लिहिला. डेल मक्याची कापणी होईपर्यंत बाहेर. लिबीही कापणी होईपर्यंत बाहेर. रेंजची किल्ली माझ्याकडे. आणि फळीवरच्या नियमाखाली दुसरी ओळ: भरलेला ठोकळा दुसऱ्या माणसाने टॉर्चने पाहिल्याशिवाय बंद करायचा नाही. लिबीने किल्ली रिंगमधून काढून दिली. वेळ लागला, कारण त्या रिंगला एडविनच्याही किल्ल्या होत्या.

शनिवारी मी जाळी उचलली. खाली एकशेचाळीस पुंगळ्या निघाल्या, सगळ्या रंगांच्या. जांभळ्या बत्तीस. मी तिला फोन करून सांगितलं.

"पुन्हा मोजल्यास?"

"मोजल्या."

"हं," ती म्हणाली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी लिबीने मला बोलावलं. कापणी झाली होती, सगळ्या गावावर मक्याचा भुसा उडत होता. गॅरेजात डेल आधीच उभा होता, खिशात हात घालून. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच दारातून आत आला असावा. अंगठ्याचं नवं नख वाकडं आलं होतं. टेबलावर ठोकळा, पन्नास पुंगळ्या, दारू टाकून झालेली. रेडिओ बंद होता.

लिबीने टॉर्च उचलली, क्षणभर स्वतःकडेच धरली, मग त्याच्या हातात दिली.

डेल वाकला. ओळीने पाहत गेला, ओठ हलवत.  पाचव्या ओळीच्या शेवटी तो सरळ झाला.

"सगळ्या सारख्या आहेत."

"किती मोजल्यास?"

"पन्नास."

"परत."

त्याने परत मोजल्या. लिबीने टॉर्च घेतली आणि स्वतः पाहिल्या. मग वही उघडली. टॉर्चच्या रकान्यात तिने बरोबरची खूण केली आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: डेल. ३:१५.

गोळ्या दाबून, पुसून, पन्नास काडतुसं डबीत गेली. लिबीने झाकण लावलं, खणातून एक छोटं नवं कुलूप काढलं आणि डबीच्या कडीत अडकवलं.

"हे कशाला?" डेलने विचारलं.

"तुला माहीत आहे," लिबी म्हणाली आणि कॉफी ठेवायला आत गेली.